पडदा शाबूत ठेवताना

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे कौतुक आपल्याकडे बहुतेक वेळा व्रणाच्या लांबीवरून होते. टाके दोनच पडले, तिसऱ्या दिवशी घरी सोडले, पोटावर खूणसुद्धा दिसत नाही, असे नातेवाईक एकमेकांना सांगतात आणि त्यात खोटे काही नसते. पण ज्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि ज्यांचे रक्त रोज रात्री स्वतःच्याच पोटात शुद्ध होते, त्यांच्या बाबतीत या कौतुकाचा क्रम बदलावा लागतो. लहान मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देण्याचे काम करताना माझे असे मत होत गेले की, या मुलांच्या पोटावर बाहेरून किती छेद घेतले यापेक्षा आतल्या अस्तराला किती धक्का लागला, हा हिशेब मोठा आहे. सर्जन मंडळींना हे माझ्याहून चांगले ठाऊक असते. तरीही टेबलाच्या डोक्याकडे उभे राहून जे दिसते, ते त्यांच्या बाजूने दिसत नाही, म्हणून हा लेख.

पोटाच्या पोकळीला आतून जे पातळ, चकचकीत अस्तर असते आणि जे आतड्यांवरही पसरलेले असते, त्याला डॉक्टर पेरिटोनिअम म्हणतात. त्याच्यात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पोटात ग्लुकोजयुक्त द्रव सोडून काही वेळ ठेवला, तर रक्तातले युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम या अस्तरातून झिरपून द्रवात येतात; ग्लुकोजच्या ओढीने शरीरातले जास्तीचे पाणीही येते; मग तो द्रव काढून टाकायचा आणि नवा भरायचा. पेरिटोनिअल डायलिसिस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले पीडी, ते इतकेच. लहान मुलांत या अस्तराचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट असते आणि रक्त मात्र थोडे असते. दहा किलोच्या मुलाच्या शरीरात जेमतेम ८०० मिलिलिटर रक्त, ते हिमोडायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरवायचे म्हणजे यंत्राच्या नळ्यांतच त्यातला डोळ्यांत भरण्याजोगा वाटा अडकतो. म्हणून तान्ह्या आणि लहान मुलांसाठी पीडी हाच बहुतेक ठिकाणी पहिला पर्याय ठरतो. दोन वर्षांवरील मुलाला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण १००० ते १२०० मिलिलिटर द्रव एका वेळी भरतात. चार वर्षांच्या मुलासाठी हे प्रमाण पाऊण लिटरच्या आसपास येते. रात्री दहा-बारा तास सायकलर नावाचे मशीन हे भरणे-काढणे करत राहते आणि सकाळी मूल शाळेत जाते.

ही पद्धत आज सरळ वाटते, पण ती तशी व्हायला अर्धे शतक लागले. जर्मनीत गेऑर्ग गांटर यांनी १९२३ मध्ये माणसावर पहिले प्रयत्न केले. त्यानंतर कितीतरी वर्षे दर वेळी पोटात नवी सुई किंवा नवी नळी खुपसावी लागे आणि जंतुसंसर्ग होई. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये सिलिकॉनची मऊ नळी आणि तिच्यावर डेक्रॉनच्या कापडाचे दोन पट्टे अशी रचना मांडली. शरीराच्या पेशी त्या कापडात वाढतात, नळी जागेवर घट्ट बसते आणि बाहेरच्या जंतूंची वाट अडते. टेक्सासमध्ये पॉपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी १९७६ मध्ये सतत चालणाऱ्या पीडीची कल्पना मांडली आणि दोनच वर्षांत टोरांटोत ती मुलांपर्यंत पोहोचली. टेंकहॉफ यांच्या नळीत आजवर बारीकसारीक फेरफार झाले, पण मूळ नळी तीच राहिली आहे. वैद्यकात एवढी टिकलेली वस्तू विरळाच.

आता दुर्बिणीकडे येते. नळी बसवणे ही या मुलांची बहुतेक वेळा पहिली शस्त्रक्रिया असते, आणि ती चुकली तर पुढचे सगळे बिघडते. पोटात आतड्यांवर ओमेंटम नावाचा चरबीचा झालरीसारखा पदर असतो. पोटात कोठे सूज आली, कोठे परकी वस्तू आली, की तो तेथे जाऊन चिकटतो. शरीराच्या दृष्टीने हे संरक्षण आहे. परंतु नळीच्या भोकांभोवतीही तो तसाच जातो, आणि वेल काठीला विळखा घालतो तसा विळखा घालून बसतो. द्रव आत जातो, बाहेर मात्र येत नाही. आई रात्री दोन वाजता उठून मशीनचा अलार्म बंद करते, मुलाला कुशीवर वळवते, उभे करते, पुन्हा झोपवते, तरी पाणी निघत नाही. म्हणून मुलांमध्ये नळी बसवतानाच ओमेंटमचा बराचसा भाग काढून टाकण्याची पद्धत आहे. दुर्बीण बेंबीतून घातलेली असेल, तर तो पदर त्याच छेदातून बाहेर ओढून कापता येतो. त्यासाठी वेगळे भोक लागत नाही.

एकदा बंद पडलेली नळी सोडवण्याची शस्त्रक्रिया मी अगदी जवळून पाहिली, कारण त्या दिवशी मॉनिटर माझ्या बाजूला वळवलेला होता. मुलगी सात-आठ वर्षांची. सगळ्यांचा संशय ओमेंटमवर होता. दुर्बीण आत गेली तेव्हा ओमेंटम बाजूलाच होते आणि नळीच्या टोकाच्या वेटोळ्यात, एकेका बारीक भोकात, बीजवाहिनीच्या तोंडाशी असणारे गुलाबी तंतू ओढले गेले होते. द्रव बाहेर येताना जो ताण निर्माण होतो, त्याने ते आत खेचले गेले असणार. सर्जनने तीन मिलिमीटरच्या चिमट्याने एकेक तंतू हलक्या हाताने मोकळा केला, नळीचे टोक पुन्हा ओटीपोटात खोल ठेवले, आणि टेबलावरच द्रव भरून काढून पाहिला. धार सुटली. नळी बदलावी लागली नाही, म्हणजे कापडी पट्टे पुन्हा रुजण्यासाठी थांबणेही आले नाही. आंधळेपणाने तार घालून नळी हलवण्याचे प्रयत्न पूर्वी होत आणि अजूनही होतात, पण त्या तंतूंना तार घालून ओढले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

दुर्बीण आत गेल्यावर सर्जन आणखी एक गोष्ट पाहतात आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. जांघेत, जेथून मुलाचे वृषण जन्माआधी खाली उतरलेले असतात, तेथली पेरिटोनिअमची लहान पिशवी कित्येक मुलांमध्ये पूर्ण बुजलेली नसते. एरवी ती उघडी असल्याचे कळतही नाही. पोटात रोज पाऊण लिटर द्रवाचा दाब येऊ लागला, की तीच वाट रुंद होते आणि काही आठवड्यांत हर्निया किंवा अंडकोषात पाणी दिसू लागते. मग दुसरी भूल, दुसरी शस्त्रक्रिया आणि पीडीला पुन्हा विश्रांती. नळी बसवतानाच दोन्ही बाजूंच्या वाटा डोळ्यांनी पाहून उघडी असेल ती बंद केली, तर हे टळते. खुल्या पद्धतीने नळी बसवताना हे पाहणे शक्य नसते. तरीही येथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवे. नीट ओमेंटम काढून, नीट टाके घालून, हात बसलेल्या सर्जनने खुल्या पद्धतीने बसवलेली नळीसुद्धा उत्तम चालते, आणि दुर्बिणीने बसवलेली प्रत्येक नळी तिच्याहून सरस असतेच असे मुलांमधल्या अनुभवावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुर्बिणीची खरी मातब्बरी आत काय आहे ते दिसण्यात आहे.

दुर्बिणीची एक किंमतही आहे आणि ती माझ्या बाजूला मोजली जाते. आत दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवावे लागते. मोठ्या माणसात हा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरपर्यंत जातो. तान्ह्या बाळात आम्ही सहा-आठवर थांबवतो आणि तेवढ्यातच भागवा, असे सर्जनला सांगतो. हा वायू पोटात नुसता बसून राहत नाही. ज्या अस्तरातून रोज रात्री युरिया बाहेर पडतो, त्याच अस्तरातून तो रक्तात शोषला जातो. भुलेच्या यंत्रावर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा सारखा दिसत असतो. गॅस सुरू केला, की काही मिनिटांत तो ३४ वरून ३८, मग ४१ असा चढू लागतो आणि मी श्वासाची गती वाढवते. मुलांत अस्तर वजनाच्या मानाने मोठे, म्हणून हे शोषणही प्रौढांपेक्षा झपाट्याने होते. पीडीवरच्या मुलात हा आकडा चढताना मला काळजी आणि समाधान दोन्ही वाटते. काळजी अशासाठी की मूत्रपिंड नसलेल्या शरीरात आम्ल साचण्याकडे आधीच कल असतो आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की त्याचेही आम्लच होते. समाधान अशासाठी की अस्तर अजून काम करते आहे, याचा पुरावा त्या आकड्याइतक्या थेट रूपात मला दुसरीकडे कोठे मिळत नाही. (डायलिसिसचे डॉक्टर यासाठी रीतसर चाचणी करतात आणि माझ्या या समाधानाला हसतात, ते योग्यच आहे.)

दाबाचा हिशेबही गमतीचा आहे. पाऱ्याचे आठ मिलिमीटर म्हणजे पाण्याचे सुमारे ११ सेंटिमीटर. पीडीचा द्रव भरल्यावर दोन वर्षांवरच्या मुलाच्या पोटातला दाब पाण्याच्या १८ सेंटिमीटरच्या आत ठेवावा असा दंडक आहे. म्हणजे शस्त्रक्रियेतला दाब हा त्याच्या पोटाला अनोळखी नाही. ते रोज रात्री एवढा भार सोसत असते. फरक वेगळा आहे. रात्री मूल स्वतः श्वास घेत असते आणि रक्तदाब सावरण्याची त्याची यंत्रणा जागी असते. भुलेत ती झोपलेली असते. पोटातली मोठी शीर गॅसने दाबली जाते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, आणि आदल्या रात्री मशीनने पाणी जरा जास्तच खेचलेले असेल तर रक्तदाब कोसळतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मुलाला फार कोरडे करू नका, असे मी आवर्जून कळवते. पोटातला पीडीचा द्रव मात्र सकाळी पूर्ण काढून पाठवा. पोटॅशियमचा अहवाल हातात आल्याखेरीज मी मुलाला आत घेत नाही. सलाईनची सुई हाताच्या मागच्या बाजूला लावते, मनगटाच्या वर जात नाही, कारण पुढे कधी हिमोडायलिसिसची वेळ आली तर त्याच शिरा लागणार असतात. स्नायू शिथिल करण्यासाठी अ‍ॅट्राक्युरियमसारखे औषध निवडते, जे मूत्रपिंडाची वाट न पाहता रक्तातच मोडून जाते. आणि ज्या मुलाला अजून थोडी लघवी होते, त्याची ती थोडी लघवी टिकवणे हेही माझेच काम असते, कारण पोटातला दाब वाढला की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि तान्ह्या बाळात तेवढ्या वेळेपुरती लघवी थांबतेसुद्धा.

या मुलांच्या शस्त्रक्रियांत मला सर्वांत मोहवणारी शस्त्रक्रिया मात्र पेरिटोनिअमला न शिवता होते. काही मुलांची निकामी मूत्रपिंडे नुसती निकामी नसतात, त्रासदायक असतात. कोणाचा रक्तदाब त्यांच्यामुळे आवरत नाही, कोणाला वारंवार जंतुसंसर्ग होतो. जन्मजात नेफ्रोटिक आजाराच्या बाळांत त्यांतून एवढी प्रथिने वाहून जातात की बाळ पोसतच नाही. तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे काढायची, पीडीवर बाळ वाढवायचे आणि ते दहा किलोच्या आसपास आले की प्रत्यारोपण करायचे, असा क्रम असतो. मूत्रपिंड पोटाच्या पोकळीत नसते, पेरिटोनिअमच्या मागे, पाठीकडच्या चरबीत असते. दुर्बिणीने मूत्रपिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी १९९० मध्ये केली, ती पोटातून, म्हणजे पेरिटोनिअम दोनदा ओलांडून. इतर रुग्णांना त्याने काही बिघडत नाही. पीडीवरच्या मुलाला बिघडते. अस्तराला भोके पडतात, आत चिकटणे होते, द्रव गळतो, आणि भोके भरेपर्यंत मानेच्या शिरेत नळी घालून हिमोडायलिसिस करावे लागते.

पाठीकडून जायचे, तर तेथे दुर्बिणीला फिरायला जागाच नसते; नुसता गॅस सोडून ती तयार होत नाही. ही अडचण सुटली ती मुंबईत. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये केली होती, आणि त्यानंतर दोनच वर्षांत बॉम्बे हॉस्पिटलच्या डॉ. डी. डी. गौर यांनी पाठीकडच्या वाटेची युक्ती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेचा हातमोजा एका लाल रबरी नळीच्या टोकाला बांधायचा, लहान छेदातून तो पेरिटोनिअमच्या मागे सरकवायचा आणि रक्तदाब मोजण्याच्या उपकरणाचा पंप दाबून फुगवायचा. मोजा फुगत जातो तसे पेरिटोनिअम हळूहळू पुढे ढकलले जाते, न फाटता, आणि मागे हवी तेवढी जागा तयार होते. जगभरातल्या मूत्रविकार शल्यविशारदांनी ही पद्धत उचलली. पुढे कंपन्यांनी तयार फुगे बाजारात आणले, ज्यांच्या किमतीत आमच्याकडे हातमोज्यांची पेटी येईल. ही युक्ती पीडीवरच्या मुलांसाठी शोधलेली नव्हती, पण तिचा खरा लाभ मला त्यांच्यातच दिसतो. मूल कुशीवर किंवा पालथे असते, पोट खाली मोकळे लोंबते, आणि सर्जन पाठीतून मूत्रपिंड मोकळे करत असताना पलीकडे ते अस्तर धुरकट निळसर, श्वासाबरोबर हलताना दिसते. तेथे हात जपून चालवायचा असतो. लहान बाळात ते इतके नाजूक असते की चुकून चिरते, गॅस पोटात शिरतो, पोट फुगते आणि माझे श्वासाचे दाब लगेच सांगतात. अस्तर शाबूत राहिले, तर मात्र त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी थोड्या द्रवाने पीडी पुन्हा सुरू करता येते आणि मानेतली नळी टळते. पाठीवरच्या तीन बारीक छेदांपेक्षा मला ही कमाई मोठी वाटते.

याउलट पोटात नळी असलेल्या मुलाच्या जठरात खाण्याची नळी बसवायची असेल, तेव्हा घाई महागात पडते. या मुलांना भूक नसते, वजन वाढत नाही, आणि रात्रीच्या पोषणासाठी पोटावरून जठरात नळी ठेवावी लागते. ती पीडी सुरू होण्याआधी किंवा नळीबरोबरच, जठर पोटाच्या भिंतीला नीट टाचून बसवली तर निभावते. पीडी चालू असताना एंडोस्कोपीने झटपट बसवली, तर जठरातला द्रव आणि बुरशी पोटात उतरण्याची भीती असते. बुरशीचा संसर्ग झाला तर पीडीची नळी काढावी लागते आणि अस्तर कधीकधी कायमचे निरुपयोगी होते. येथे दुर्बीण असणे-नसणे गौण आहे. कोणती शस्त्रक्रिया आधी आणि कोणती नंतर, हे मूत्रपिंडांचे डॉक्टर, सर्जन आणि आहारतज्ज्ञ यांनी एका टेबलाशी बसून ठरवणे आवश्यक आहे, आणि आपल्याकडे ती बैठक सहसा होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर आई विचारते ते व्रणाबद्दल नसते. “मॅडम, मशीन कधीपासून लावायचे? पहिल्यासारखे पाणी भरायचे का?” एका आईने मला रिकव्हरीच्या दारातच असे विचारले होते. तिच्या घरी पंखा बंद करून, दार लोटून, मास्क लावून, हात कोपरापर्यंत धुऊन रोज संध्याकाळी नळी जोडली जात असे. पाणी गढूळ आले तर पहिली पिशवी टाकून न देता घेऊन यायचे, हे तिला पाठ होते. “ताई, नवी नळी असेल तर शक्यतो दोन आठवडे थांबायचे, थांबता येत नसेल तर झोपलेल्या अवस्थेत, किलोमागे दहा-वीस मिलिलिटर एवढेच भरायचे आणि मग हळूहळू वाढवायचे,” असे मी सांगितले, आणि तिने ते हातातल्या वहीत लिहून घेतले. येथेच दुर्बिणीसाठी पाडलेल्या तीन मिलिमीटरच्या भोकांचा प्रश्न येतो. इतर मुलांत एवढे भोक आतून न शिवता सोडून दिले तरी चालते. पीडीवरच्या मुलात नाही. दुसऱ्या दिवशी द्रव भरला, की तेथून पाणी पाझरते, ड्रेसिंग ओले होते, आणि ओल्या ड्रेसिंगखाली जंतू वाढतात. म्हणून अगदी बारीक छेदसुद्धा पेरिटोनिअमपासून थराथराने शिवा, असा माझा आग्रह असतो. त्यात आणखी दहा मिनिटे जातात, आणि पुढचा रुग्ण बाहेर ताटकळत असल्याने मी खोलीत थोडी अप्रिय होते.

आपल्याकडे या सगळ्याला पैशांची आणि अंतराची बाजू आहे. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा तो हिमोडायलिसिसपुरता होता; पीडीसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. मुलांचे हिमोडायलिसिस करू शकणारी केंद्रे थोड्या मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत, आणि आडगावच्या मुलाला आठवड्यातून तीनदा तेथे आणणे म्हणजे एका पालकाची मजुरी कायमची बंद. त्या घरात पिशव्यांची खोकी ठेवायला कोरडी जागा, विजेचा भरवसा आणि एक शिकलेले माणूस असेल, तर पीडीच मुलाला घरी ठेवते. अशा मुलाचे अस्तर शस्त्रक्रियेत खराब झाले, तर त्याला दुसरी पद्धत आहे असे फक्त कागदावर म्हणता येते. म्हणून मोठ्या शहरातल्या सर्जनने त्या मुलाच्या पोटात हात घालण्यापूर्वी ते कोठून आले आहे, हे विचारावे असे मला वाटते.

शेवटी प्रत्यारोपण होते, निदान व्हावे अशी सर्वांची धडपड असते. थोड्या मोठ्या मुलात नवे मूत्रपिंड जांघेच्या वर, पुन्हा पेरिटोनिअमच्या बाहेरच बसवतात. ते लगेच काम करू लागले नाही तर जुनी नळी काही दिवस उपयोगी पडते, म्हणून ती तेव्हा काढत नाहीत. काही आठवड्यांनी ती काढण्यासाठी मूल पुन्हा माझ्या टेबलावर येते. ही शस्त्रक्रिया किरकोळ समजली जाते. यादीत ती सर्वांत शेवटी टाकतात आणि नव्या निवासी डॉक्टरवर सोपवतात. दुर्बीण तर कोणी वापरतही नाही. पण डेक्रॉनचा आतला पट्टा इतक्या वर्षांत स्नायूत पक्का रुजलेला असतो, तो ओढून निघत नाही, कापून मोकळा करावा लागतो, आणि त्याखालचे पेरिटोनिअमचे भोक न चुकता शिवावे लागते, नाहीतर तेथून हर्निया येतो. आणि हे मूल आता प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असते, तेव्हा त्याला सकाळी पहिल्या क्रमांकावर घ्यावे, असे मी यादी करणाऱ्यांना दर वेळी सांगते. कधीकधी ऐकतातही.